चुना विसरलेलं माया जेवण

भाकर उचलली आणि हातातच तिचे तीन तुकडे झाले. मक्याची होती, मेनूत तिला टॉर्टिया म्हटलं होतं. मी नागपूरच्या महाल भागात २२ वर्षं डबे देते. भाकर हातात आली की पीठ कसं भिजवलं ते मला तोंडात घालायच्या आधी कळतं. सुनेला म्हटलं, "यात चुना नाही घातला." शेजारच्या टेबलवरची पोट्टी दचकून माझ्याकडे बघायला लागली. तिचाही काय दोष? नागपुरात चुना म्हटला की माणसाला तंबाखू-सुपारीचा खर्राच आठवतो.

खरं तर अर्ध्या तासापूर्वी मलाही हे चुन्याचं ठाऊक नव्हतं. त्याच कॅफेतल्या पोट्ट्याने पडदा लावून सांगितलं होतं, की माया, म्हणजे मेक्सिको-ग्वातेमालाकडचे मूळ लोक, त्यांच्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवत, रात्रभर तसेच ठेवत, सकाळी खळखळून धुऊन सालं काढत आणि मग पाट्यावर वाटत. चुन्याने पिठाला चिकटपणा येतो, नाहीतर मका जुळून येत नाही. एवढं नीट समजावलं आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातून बाजारच्या कोरड्या पिठाची भाकर आली. बोलणारा वर, रांधणारा खाली, मधे जिना.

कॅफेचं नाव लिहीत नाही. तिघं पोट्टेपोट्टी मिळून चालवतात, धंदा नवा आहे, आणि मी लिहिणार ते सगळंच गोड नाही. धरमपेठेत आहे एवढं पुरे. महिन्यातून एका शनिवारी कुठल्यातरी जुन्या संस्कृतीबद्दल तासभर बोलतात आणि मग तिकडचं जेवण वाढतात. या वेळी माया होते. माणशी ९५० रुपये, पाण्याची बाटली वेगळी, गाडी लावायची सोय देवाच्या भरवशावर. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या, आठवडाभर पुरण वाटून माझा खांदा गेला होता. सून म्हणाली, आई, एक दिवस दुसऱ्याच्या हातचं खा. ती दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे, तिला खाण्यापेक्षा ऐकण्यातच जास्त रस होता.

सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला. पहिली वीस मिनिटं पिरॅमिड, राजे, त्यांची अवघड नावं. एका दगडी पाटीचं चित्र दाखवलं. याशचिलान नावाच्या गावची, इसवी सन ७०९ मधल्या विधीची. राजाची राणी गुडघ्यावर बसून स्वतःच्या जिभेतून काट्यांचा दोर ओढते आहे, राजा तिच्यावर मशाल धरून उभा. रक्त कागदावर झेलायचं, कागद जाळायचा, धूर देवापितरांकडे. पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "अघोरीच लोक होते." बगाडाला पाठीत गळ टोचून घेणारे आपल्याकडेही होतेच की, पण मी गप्प बसले. राजवाड्यातलं असलं काही मला एवढं धरून ठेवत नाही.

मग त्याने एका खेड्याचा फोटो लावला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

होया दे सेरेन नाव त्याचं. एल साल्वादोर देशात, माया मुलुखाच्या अगदी कडेला. सातव्या शतकाच्या आगेमागे शेजारीच ज्वालामुखी फुटला आणि अख्खं गाव राखेखाली गेलं. १९७६ मध्ये धान्याची कोठारं बांधायला बुलडोझर लावला तेव्हा पहिली भिंत दिसली. १९९३ पासून ते जागतिक वारसा आहे. तिथे राजा नाही, सोनंनाणं नाही. घरं आहेत. झोपायची खोली वेगळी, कोठीघर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. छताला मिरच्या टांगलेल्या. गवताच्या छपरात उंदीर. शेतात मक्याची ताटं वाकवून ठेवलेली. वाटायचा पाटा जमिनीवर नाही, दोन्हीकडे बेचक्याची लाकडं रोवून त्यावर कमरेएवढ्या उंचीला बसवलेला, म्हणजे बाई उभी राहून वाटत असणार. मी लगेच सुनेला कोपराने ढोसलं. खाली बसून वाटताना आमच्या सासूबाईंची कंबर धनुष्य झाली होती. दीड हजार वर्षांपूर्वी तिकडच्या सुताराला जे सुचलं ते आमच्या घरात कुणाला सुचू नये?

गावात माणसांची प्रेतं सापडली नाहीत, बहुतेक पळून वाचले असावेत. पण भांडी तशीच राहिली. खरकटी. अन्न चिकटलेली. झोपायच्या चटया अजून पसरल्या नव्हत्या. त्यावरून शोधणाऱ्यांनी वेळ काढली: संध्याकाळ, जेवणं झालेली, अंथरुणं पडायची. सगळ्यांनी वा वा केलं. मला मात्र त्या बाईची दया आली. कुण्या बाईला आवडेल, आपली न घासलेली ताटली जगाने येऊन बघावी?

देवधर्माचं खरं बोलणं इथून पुढे झालं, चुलीपासून. माया घरात चूल तीन दगडांची. आता यात नवल काय, आपल्याही खेड्यात तीच. पण त्यांच्याकडे जगाची सुरुवातच तीन दगड मांडून झाली. ग्वातेमालात किरिग्वा इथल्या एका शिलास्तंभावर ते कोरलेलं आहे. देवांनी एकेक करून तीन दगड ठेवले, आणि त्यांच्या मोजणीने तो दिवस येतो इसवी सनापूर्वी ३११४ च्या ऑगस्टमधला. म्हणजे जगाचं पहिलं काम चूल घालणं. बाप्पा! मेक्सिकोतल्या युकातानमध्ये आजही लेकराला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा एक विधी करतात. मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीचे दगड तीन. मुलगा असेल तर चौथ्या महिन्यात, कारण शेताचे कोपरे चार. सून पुटपुटली, "पोरीला इथंही चूलच." मी म्हटलं, हो, पण जग चुलीपासून सुरू झालं म्हणतात, शेतापासून नाही. तिला ते काही पटलं नाही.

ग्वातेमालातल्या किचे माया लोकांची पोपोल वुह म्हणून पुराणकथा आहे, तीही त्याने थोडक्यात सांगितली. देवांनी आधी मातीचा माणूस केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला. तो बोलायचा, चालायचा, पण त्याला ना मन, ना देवाची आठवण. तर त्याला शिक्षा कुणी केली? त्याच्याच घरातल्या भांड्यांनी! पाटे उठले, म्हणाले, रोज पहाटेपासून आम्हाला घासलंस, आता आम्ही तुला दळतो. मडकी उठली, म्हणाली, चुलीवर आमची तोंडं काळी केलीस. कुत्री उठली, टर्की कोंबडे उठले. शेवटी आजीबाई श्मुकाने हिने पिवळा नि पांढरा मका नऊ वेळा दळला, आणि त्या पिठाचा माणूस झाला, तो टिकला. दसऱ्याला मी माझ्या वेट ग्राइंडरला हळदकुंकू लावते तेव्हा मुलगा हसतो. आता हसला की ही गोष्ट सांगणार आहे.

मग पंचांग आलं. त्यांची दोन पंचांगं एकत्र चालत. एक २६० दिवसांचं, त्यावरून लेकराचं नाव नि नशीब पाहायचं. ते मोजणारे जाणते ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात आजही आहेत. दुसरं ३६५ दिवसांचं, २० दिवसांचे १८ महिने आणि वर उरलेले ५ दिवस. दोन्हींची सुरुवात परत जुळायला ५२ वर्षं लागायची. ते पाच उरलेले दिवस वाईट, त्यांना वायेब म्हणत. त्या दिवसांत केस विंचरायचे नाहीत, अंग धुवायचं नाही, जड काम करायचं नाही. आणि दिएगो दे लांदा नावाच्या ज्या पाद्र्याने १५६२ मध्ये मानी गावात यांच्या पोथ्या जाळल्या, त्यानेच लिहून ठेवलंय, की युकातानात या दिवसांसाठी मातीची एक अभद्र मूर्ती करत, गावाच्या वेशीपासून वाजतगाजत आत आणत, आणि दिवस सरले की गावाबाहेर नेऊन टाकून देत.

अख्ख्या हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपण काय करतो? काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, असे अभद्राचे पुतळे मिरवत नेऊन जाळायचे, आणि घसा फाटेस्तोवर "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" जागनाथ बुधवारीकडचे एक भाऊ मागून ओरडले, "अरे, हे तर आपलेच लोक!" आपले नाहीत, पण त्या क्षणाला मलाही तसंच वाटलं. तसंच पावसाचं. युकातानमध्ये जमिनीवर नदी जवळपास नाहीच, बहुतेक पाणी चुनखडकाच्या पोटात. पाऊस देणारा चाक, हातात कुऱ्हाड घेतलेला देव. पाऊस लांबला की आजही शेतकरी रानात वेदी मांडतात आणि तिच्या चार कोपऱ्यांशी चार पोरं बसवतात, बेडकासारखं डराव डराव करायला. मी लहानपणी काटोलकडे मामाच्या गावी मुसळाला बेडूक बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" करत घरोघरी फिरले आहे, डोक्यावर लोकांनी ओतलेलं पाणी अजून आठवतं. निदान तिकडे बेडकाचे तरी हाल नाहीत.

बोलण्याला माझे दहापैकी नऊ. एक मार्क यासाठी कापला, की दारावरच्या पाटीवर "लुप्त माया संस्कृती" असं लिहिलं होतं आणि आत तोच पोट्टा सांगत होता की माया लोक आज लाखोंनी आहेत, तीसच्या आसपास भाषा बोलतात. मग लुप्त काय झालं?

आता जेवण.

मेनूत पहिलाच पदार्थ "माया चिकन टाको", वरून किसलेलं चीज. दूध देणारं जनावर त्यांच्याकडे नव्हतंच. गाय नाही, म्हैस नाही, शेळी नाही. कोंबडीसुद्धा स्पेनच्या लोकांबरोबर आली. त्यांच्याकडे टर्की, हरीण, मासे आणि खायला पाळलेली कुत्री. कुत्रं वाढा असं मी म्हणत नाही. पण चीज? शिवाय जुन्या राजांच्या काळातल्या चित्रांत ताटात भाकरी दिसतच नाहीत, गोल उंडे दिसतात. वाटलेल्या मक्याचा गोळा, पोटात घेवडा नाहीतर मांस, पानात गुंडाळून वाफवलेला. त्याला नाव वाह. पोट्ट्याने ते सांगितलं तेव्हा सगळे "वाह!" म्हणून हसले होते. ताटात तेवढा एकच पदार्थ नव्हता.

पातळ मक्याची पेज आली, आतोले म्हणून. साखर घातलेली, गुठळ्या तशाच. आमच्या महालक्ष्मीच्या ज्वारीच्या आंबिलीपुढे काहीच नाही. हो, एक कळलं. शेतात देवाला ठेवायचं त्यांचं जे पांढरं मक्याचं पेय असतं, साका, त्याचा मका मुद्दाम बिनचुन्याचा शिजवतात. माणसांना चुन्याचा, देवांना बिनचुन्याचा. त्या हिशोबाने आमचं अख्खं ताट देवांचंच होतं म्हणायचं.

घेवडा बरा होता, मीठ कमी.

पण दोन गोष्टींसाठी मी परत जाईन. एक म्हणजे सिकिल पाक. सिकिल म्हणजे कोहळ्याच्या बिया, पाक म्हणजे टमाटर. साखरेचा पाक नव्हे. बिया भाजून कुटायच्या, भाजलेलं टमाटर नि मिरची चुरडून त्यात कालवायचं. दिसायला थेट जवसाची चटणी, चवीला जवसाहून गोडसर, मागून झणका. मी दोनदा मागितली, तिसऱ्यांदा वाटीच पुढे केली. खाताना मनात आलं, की यातलं आपलं काय नि त्यांचं काय? महालक्ष्मीच्या ताटातलं लाल कोहळं तिकडचं. टमाटर तिकडचं. आणि मिरचीही! भिवापुरी मिरचीशिवाय माझा एक दिवस जात नाही, सावजीवाल्यांचं तर विचारूच नका. ती पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, त्याच्या आधी आमच्या पणजीच्या पणजीची पणजी तिखटाला मिरे घालत असेल. तर्रीला लाल रंग कशाचा देत होते कोण जाणे.

दुसरी गोष्ट कोको. पहिल्यांदा आणला तो दुधातला, साखरेचा, लेकरांना देतात तसला. मी पोट्टीला हाक मारली. "बाळा, आत्ता तुमच्या भाऊने सांगितलं नं, की दूध नव्हतं म्हणून? रिओ आसूलच्या कबरीतल्या पाचव्या शतकातल्या मडक्यावर कोकोचं नाव लिहिलेलं दाखवलं, झाकण फिरवून लावायचं मडकं. त्यात हे होतं का?" बिचारी लाल झाली, आत गेली. दहा मिनिटांनी दोन जग घेऊन आली. भाजलेल्या कोकोची पूड, गरम पाणी, मिरचीची चिमूट, बस. आणि उभी राहून एका जगातून खालच्या जगात, हातभर उंचीवरून ओतायला लागली, आपला चहावाला ओढतो तसं. माया बायका फेसासाठी असंच उंचावरून ओतत, भांड्यावर तसं चित्रच आहे. चार-पाच वेळा ओतलं तेव्हा वर तपकिरी फेस चढला. पहिला घोट काढ्यासारखा. कडू. दुसऱ्या घोटाला मिरची घशात उतरली. तिसऱ्याला मी गप्प झाले. याच बिया ते पैसे म्हणूनही वापरत. म्हणजे नोटा उकळून पिण्यासारखंच की. सुनेला आवडला नाही, तिचाही मीच प्यायले.

निघताना पोट्ट्याला गाठलं. चुन्याचं विचारलं. डोकं खाजवत म्हणाला, "काकू, खायचा चुना कुठे मिळतो तेच माहीत नव्हतं आम्हाला." नागपुरात! हाताच्या अंतरावर तीन पानठेले असताना!

दुसऱ्या दिवशी इतवारीतून वाळका पांढरा मका आणला एक किलो. आमच्या गल्लीच्या पानठेल्यावर चुना मागितला तर तो म्हणतो, "काऊन काकू, तुम्हीपण सुरू केला का?" त्याला आधी माझ्या तोंडाकडे बघू दिलं, मग पुडी घेतली. तीन लिटर पाणी, दोन लहान चमचे चुना, त्यात मका. पाणी तापलं तसा दाणा पिवळा झाला, हळद घातल्यासारखा. वास मात्र पोळ्याच्या आधी घराला चुना मारतो तेव्हाचा. ओल्या भिंतीचा. यजमान आतून ओरडले, रंगकाम काढलं का म्हणून. पाऊण तास शिजवून झाकून ठेवला. सकाळी पाण्यात हात घालून चोळला तर सालं बोटांना चिकट, बुळबुळीत होऊन निघून आली. चार पाण्याने धुतला. मिक्सरचं भांडं अडकलं, म्हणून वेट ग्राइंडरमध्ये घातला.

गोळा हातात घेतला आणि दाबला. एक चीर नाही. कणकेसारखा.

तोवर सून दवाखान्यातून आली. तिने बाकीचं सांगितलं. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं पण ते असं बांधलेलं असतं की पोटात सुटत नाही. चुन्याने ते सुटतं. मका जहाजातून युरोपात गेला, चुन्याची रीत मात्र तिकडेच राहिली. आणि मग इटली-स्पेनमध्ये मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायला लागला, कातडी सोलणं, हगवण, वेड. आपल्याकडे नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या मजुरांतही तो दिसला होता, हैदराबादच्या पोषण संस्थेने त्याचा अभ्यास केला. मी भाकर खाणारी, घाबरले. ती म्हणाली, तुम्ही वरण-भाजी खाता नं, मग झालं.

राजमा शिजवून, मिरची-टमाटर घालून सारण केलं, केळीच्या पानात उंडे बांधले, ढोकळ्याच्या भांड्यात वाफवले. बारा डबेवाल्यांना एकेक चवीला दिला. नऊ जणांनी आवडला म्हणून सांगितलं, दोघांनी चटणी मागितली, एकाने फोन करून विचारलं की पान खायचं का.

उरलेले चार घेऊन कॅफेत गेले. पोट्ट्याने एक उलगडला, गरम वाफेत बोट भाजून घेतलं, खाल्ला, काही बोलला नाही. दुसरा उचलला. मग म्हणाला, पुढच्या वेळी पीठ तुम्ही द्याल का. भाव ठरायचा आहे.

जायचं असेल तर या सूचना: बोलणं चुकवू नका, चीजवालं काही मागवू नका, सिकिल पाक पहिल्या फेरीतच मागा कारण संपतो, कोको बिनदुधाचा आधीच सांगून ठेवा. आणि ती पोट्टी ओतते त्या टेबलाच्या डाव्या बाजूला बसू नका. माझ्या मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावरचा डाग तीन धुण्यांनंतरही तिथेच आहे.